क्रेसेंडो म्हणजे शिखर नव्हे

क्रेसेंडो म्हणजे शिखर नव्हे. हे वाक्य मी गेल्या काही महिन्यांत इतक्या लोकांना ऐकवलंय, की आमचा पेपरवाला हल्ली मला बाल्कनीत पाहिलं की सायकल मागच्या गल्लीतून काढतो. तरीही पुन्हा सांगतो, कारण सत्य सांगायला मी कधी कंटाळलेलो नाही. शब्द मुळात इटालियन, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या लोकांचा. आवाज बारीक सुरू होऊन हळूहळू वाढत जाणं, त्या वाढत जाण्याला क्रेसेंडो म्हणतात. म्हणजे जिन्याच्या पायऱ्या झाल्या क्रेसेंडो, गच्ची नव्हे. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि मग रोजच्या बोलण्यात त्याचे असे काही हाल केले की विचारू नका. गोंगाटाने क्रेसेंडो गाठला, वादाने क्रेसेंडो गाठला, दातदुखीनेसुद्धा क्रेसेंडो गाठला. अहो, चढत असतानाच जी गोष्ट आहे ती गाठणार कशी?

मी एका विमा कंपनीत इंग्रजी पत्रांचे मसुदे तपासतो. आमच्या साहेबांनी एकदा ‘तक्रारींनी क्रेसेंडो गाठला आहे’ असं एका पत्रात लिहिलं. मी अदबीनं, पण ठामपणे, त्यातलं ‘गाठला’ लाल पेन्सिलीनं खोडलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, खोडलेल्या शब्दाकडे पाहिलं आणि पत्रच फाडून टाकलं. तक्रार करणारे गृहस्थ अजून उत्तराची वाट बघताहेत म्हणे. पण चुकीचं इंग्रजी आमच्या कचेरीतून बाहेर पडलं नाही, याचं मला समाधान आहे. इमारतीतली माणसं मला पाठीमागे ‘स्वल्पविराम’ म्हणतात. मी ते कौतुक म्हणून घेतो.

तर आमच्या इमारतीनं वृंदगानाचा एक संघ काढला. तळमजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी स्वतः रचलेलं होडी वल्हवणाऱ्यांचं एक गाणं बसवायला घेतलं आणि नगरभवनाच्या वृंदगान स्पर्धेत उतरायचं ठरलं. मी त्यात नव्हतो. माझा आवाज चांगला आहे, पण बाईंच्या मते तो ‘बोलण्याचा’ आहे. आमची ही मात्र होती. नुसती होती असं नाही, गाण्याची सुरुवातच तिची होती. पहिली ओळ तिनं एकटीनं म्हणायची आणि मग एकेक जण येऊन मिळायचा.

याचं कारण गमतीचं आहे. आमच्या इमारतीतल्या लोकांना हळू आवाज ही वस्तूच ठाऊक नाही. बाई म्हणायच्या, “अगदी बारीक सुरू करा,” आणि ही मंडळी पहिल्याच अक्षराला असा घसा फोडायची की पार्किंगमधल्या गाड्यांचे भोंगे वाजू लागायचे. एकटी आमची हीच तेवढं बारीक गाऊ शकायची. लग्न झाल्यापासून तिला मोठ्यानं बोलायची सवयच राहिलेली नाही. घरात आधीच कुणीतरी बोलत असतं. कोण, ते सांगायला नको.

पण मी पाहिलं ना, त्या दिवसांत ती बदलली होती. भांडी घासताना ती एक ओळ पन्नासदा म्हणायची. आरशासमोर उभी राहून श्वास कुठे घ्यायचा ते बघायची. एकदा मला म्हणाली, “अहो, मी शाळेपासून कधी स्टेजवर चढले नाही. या वेळी चढणार आहे. बास, मला दुसरं काही नको.” असं ती सहसा काही मागत नाही. म्हणून ते माझ्या डोक्यात बसलं.

घोडं अडलं ते संघाच्या नावापाशी. आमचे सेक्रेटरी उत्साही गृहस्थ. इंग्रजी वर्तमानपत्र ते मागून पुढे वाचतात आणि क्रीडापानावरून शब्द वेचतात. प्रेक्षकांच्या आरडाओरड्याने क्रेसेंडो गाठला, असं कुठंतरी वाचून त्यांनी संघाचं नाव क्रेसेंडो ठेवलं आणि अर्जात अर्थ लिहिला : ‘शिखर’. नगरभवनानं अर्ज स्वीकारला, शिक्का मारला, पोच दिली. सगळं झालं होतं. इथं कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता.

मला ती पोच सेक्रेटरींनीच दाखवली, अभिमानानं. मी ती दोनदा वाचली.

“हे चूक आहे,” मी म्हणालो.

“काय चूक आहे?”

“क्रेसेंडो म्हणजे शिखर नव्हे.”

“मग काय?”

मी सांगितलं. अर्धा तास सांगितलं. तेवढ्यात जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटर उतरले. त्यांना हिशेबातली असो वा भाषेतली, चूक म्हटली की तरतरी येते. ते म्हणाले, “स्वीकृत कागदावर चूक राहू देणं म्हणजे चुकीत सामील होणं. आज नाही तर उद्या कुणीतरी बोट ठेवणारच. तुम्ही स्वतः जाऊन दुरुस्त करून या. तुमच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला जमणार आहे?”

शेवटच्या वाक्यानं मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. माणसाला आपल्या विद्येचा अभिमान असतो, असावाही. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, काखेत जाडजूड शब्दकोश मारला आणि नगरभवनाच्या नोंदणी खिडकीवर हजर झालो.

खिडकीवरचा कारकून अतिशय सभ्य होता. सभ्य कारकुनांपासून सांभाळून राहावं, हे मी तुम्हाला अनुभवानं सांगतो. उद्धट कारकून फार तर तुम्हाला हाकलून देतो. सभ्य कारकून नियम शोधून काढतो.

“आमच्या अर्जात एका शब्दाचा अर्थ चुकलाय,” मी म्हणालो. “तेवढा बदलून द्या.”

“अवश्य,” तो म्हणाला. त्यानं आमचा अर्ज काढला, त्यावरच्या शिक्क्यावर तिरपी रेघ मारली आणि तो डावीकडच्या गठ्ठ्यात ठेवला.

“हे काय केलंत?”

“स्वीकृत अर्जात दुरुस्ती करायची म्हणजे मूळ अर्ज रद्द. तुम्ही नवा भरा.”

“द्या, भरतो.”

“नव्या अर्जांची मुदत काल संपली ना,” तो हळहळून म्हणाला. खरोखर हळहळून. “तुम्ही आला नसतात तर जुना चालला असता.”

मी म्हटलं, मग नको दुरुस्ती, राहू दे शिखर. तर तो म्हणाला, आता शंका उपस्थित झाली आहे, आणि शंका एकदा उपस्थित झाली की ती मागे घेता येत नाही. बाहेर येऊन मी नगरभवनाच्या पायरीवर बसलो. शब्दकोश मांडीवर होता. तो एवढा जड आहे हे मला त्या दिवशी कळलं.

घरी सांगताना मी प्रास्ताविक बरंच मोठं केलं. इटलीपासून सुरुवात केली. पण ही बायको आहे, तिला प्रास्ताविकातून मुद्दा कळतो.

“म्हणजे आपला संघ बाद झाला?”

“तसं नाही म्हणता येणार. प्रकरण विचाराधीन…”

“बाद झाला का?”

“झाला.”

तिनं ओट्यावरचं पातेलं उचललं, घासलं, पुसलं आणि पुन्हा घासायला घेतलं. मी वाट पाहत होतो की आता ती ओळ ऐकू येईल. आली नाही. मी आयुष्यात बरेच अपमान पचवलेत, पण त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात जी शांतता होती ती मला पचली नाही. मनाशी म्हटलं, गड्या, हे तू केलंस, आता तूच निस्तर.

इमारतीत बातमी पसरायला जिन्याचे दोन मजलेही पुरले. सेक्रेटरींनी बोलणं टाकलं. ऑडिटर मात्र भेटले आणि म्हणाले, “मी तत्त्वाचं बोललो होतो, व्यवहाराचं नाही. एवढा फरक तुम्हाला कळायला हवा होता.” सल्ला देऊन नामानिराळं राहणं ही एक कलाच आहे. गाण्याच्या बाई तेवढ्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “तालीम चालू ठेवणार आहे मी. तुम्ही तुमचं बघा.” आणि ही तालमीला जात राहिली. घरात गायची नाही, पण तालमीला जायची.

मी नगरभवनाच्या चकरा सुरू केल्या. खिडकीवरून वरच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावरून सांस्कृतिक विभागात, तिथून ‘साहेब जागेवर नाहीत’ या विभागात. अखेर साहेब जागेवर सापडले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एक मार्ग आहे. दुरुस्ती मागे घेता येत नाही, पण दुरुस्ती अनावश्यक होती असं ठरलं तर मूळ अर्ज आपोआप जिवंत होतो. विद्यापीठातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकाचा दाखला आणा, की अर्जातला अर्थ बरोबर आहे.”

“पण तो चूक आहे,” मी म्हणालो.

“मग अवघड आहे,” साहेब म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

आता माझी अवस्था बघा. बायकोला स्टेजवर चढवायचं असेल तर क्रेसेंडो म्हणजे शिखर, असं लेखी आणायचं. आणि आणायचं कुणी? मी. ज्यानं कचेरीतल्या साहेबांना पत्र फाडायला लावलं, त्यानं.

प्राध्यापक म्हातारे होते, कानाला यंत्र लावणारे. त्यांच्या खोलीत पुस्तकं खुर्च्यांवर होती आणि माणसांनी उभं राहायचं होतं. मी उभ्यानंच विषय मांडला. मनात आशा होती की हे निदान म्हणतील, तुमच्यासारखे जाणकार आता राहिले नाहीत हो. त्यांनी शांतपणे माझाच शब्दकोश माझ्या काखेतून काढून घेतला, पान उघडलं आणि बोट ठेवलं. “पहिला अर्थ तुमचा. खालचा वाचा.”

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : शिखर, परमावधी.

हा शब्दकोश मी वीस वर्षं वापरतोय. पण मला हवा तो अर्थ वरच मिळाला होता, त्यामुळे खाली उतरायची वेळच आली नव्हती.

“चुकीचा वापर आहे हा,” मी क्षीणपणे म्हणालो.

“होता,” प्राध्यापक म्हणाले. “लोक पिढ्यान्पिढ्या तसंच म्हणत आले. मलाही नाही आवडत. पण माणसं शब्द आपल्याला विचारून वापरत नाहीत.” मग त्यांनी यंत्र जरा नीट केलं आणि विचारलं, “हा दाखला तुम्हाला हवाय कशाला?”

मी सांगितलं. बायकोचं, पहिल्या ओळीचं, पातेल्याचंही सांगितलं. त्यांनी ताबडतोब दोन्ही अर्थ प्रचलित असल्याचा दाखला लिहून दिला आणि स्पर्धेला मी येतो म्हणाले. तो कागद घेऊन मी जिना उतरलो तेव्हा माझा अभिमान चारीमुंड्या चीत झाला होता. तरी पावलं भराभर पडत होती, हेही कबूल करायला हवं.

नगरभवनातल्या साहेबांनी दाखला वाचला आणि चष्मा काढला. “इथे दोन अर्थ आहेत.”

“दोन्ही बरोबर आहेत.”

“एका संघाला दोन अर्थ कसे चालतील? प्रेक्षकांचा गोंधळ होईल. असं करा. अर्ज जिवंत करतो, पण गाण्याआधी रंगमंचावर नावाचा खुलासा करावा लागेल. परकीय नावांसाठी तसा नियमच आहे. आणि तो वेळ संघाच्या वेळेतच धरला जातो.”

संघाचा वेळ आठ मिनिटं, आणि गाणं जवळजवळ सात मिनिटांचं. मी घरी येऊन हिला बातमी सांगितली. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं, खुर्चीवर बसली आणि डोळे पुसले. मग लगेच विचारलं, “खुलासा कोण करणार?”

“अर्थात मी.”

“दोन वाक्यं,” ती म्हणाली. “ऐकताय ना? दोन.”

“दोनच,” मी म्हणालो, आणि खरंच तेव्हा माझ्या मनात दोनच होती.

पण दोन वाक्यं लिहायला बसलो तर पहिल्याला आधार लागला, आधाराला दाखला लागला, दाखल्याला जरा पार्श्वभूमी. शिवाय समोर प्राध्यापक बसणार. माझी बाजू पूर्णपणे मांडायची ही आयुष्यातली पहिलीच आणि बहुधा शेवटची संधी. कागद पाच झाले. ते मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आणि हिला दाखवले नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी नगरभवन खच्चून भरलं होतं. आमचा संघ अर्धवर्तुळात उभा राहिला. ही मधोमध. तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. हात एकमेकांत घट्ट धरले होते. मी पुढे माइकपाशी गेलो. घड्याळवाल्यानं कळ दाबली.

“सभ्य स्त्रीपुरुषहो,” मी म्हणालो, “क्रेसेंडो म्हणजे हळूहळू वाढत जाणारा आवाज. काही लोक या शब्दाचा अर्थ शिखर असाही करतात.”

झाली की दोन वाक्यं. इथं मी थांबायला हवं होतं. मी थांबणारही होतो. पण तिसऱ्या रांगेत प्राध्यापक दिसले, आणि त्यांनी मान हलवली. ती मान त्यांनी ‘छान’ म्हणून हलवली होती असं ते नंतर म्हणाले. मला ती ‘पुढे’ अशी वाटली. हात आपोआप आतल्या खिशात गेला.

“आता हे असं का झालं, ते पाहू,” मी म्हणालो आणि कागद उलगडले.

विंगेत सेक्रेटरींनी कपाळावर हात मारलेला मला दिसला. ऑडिटर पहिल्या रांगेत मनगटावरचं घड्याळ बघत होते. मी इटलीत होतो. तिथून निघून इंग्लंडकडे येत असतानाच माइकमध्ये काहीतरी गुणगुणल्यासारखं झालं. मी माइकवर टिचकी मारली. गुणगुण थांबली नाही. मी माइक जरा लांब धरला. तरीही नाही. मग माझ्या लक्षात आलं की आवाज मागून येतोय.

ही गात होती. माझं बोलणं चालू असताना, माझ्या वाक्याच्या मधोमध. इतकं बारीक, की सभागृहातल्या अर्ध्या लोकांना ते अजून ऐकूही आलं नसेल.

आता हे मान्य करायला जड जातं, पण मी काय केलं असेल? मी आवाज चढवला. सवयच आहे. “तर एकोणिसाव्या शतकात,” मी जरा जोरानं म्हणालो. मागे गाण्याच्या बाईंचा आवाज हिच्यात मिसळला. “वर्तमानपत्रांनी,” मी आणखी जोरानं म्हणालो. आणखी दोघं मिसळले. लोक हसायला लागले. मी म्हणालो, “या शब्दाचा,” तर मागे चौघं. माझा आवाज वाढत होता, त्यांचाही वाढत होता, आणि गंमत म्हणजे आमच्या इमारतीतली ती घसाफोडी मंडळी त्या दिवशी एकदम फुटलीच नाहीत. एकेक जण आपल्या पाळीची वाट बघत होता आणि पुढच्याच्या आवाजावर अलगद आपला आवाज ठेवत होता. सगळ्यांचे डोळे हिच्याकडे. ती हनुवटीनं एकेकाला आत घेत होती.

“या शब्दाचा,” मी पुन्हा म्हणालो. मला स्वतःलाच ऐकू आलं नाही.

मी गप्प झालो.

लोकांचं हसणंही थांबलं होतं. जायला वाट कुठून ते मला समजेना, म्हणून मी कागद हातात धरून तिथंच उभा राहिलो आणि मागे वळून पाहिलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण हिचा आवाज पूर्ण उघडलेला मी कधी ऐकला नव्हता. म्हणजे ऐकायला मी कधी थांबलोच नव्हतो. ते गाणं वाढत वाढत असं काही वर गेलं की हातातले कागद मी घडी करून खिशात घातले. सगळ्या सभागृहाला ओरडून सांगावंसं वाटलं, की ती मधली, निळ्या कपड्यांतली, ती माझी बायको आहे. त्या क्षणी कुणी क्रेसेंडो म्हणजे तबेला असं म्हटलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

गाणं संपलं आणि घड्याळवाल्याची घंटा झाली, अगदी पाठोपाठ. टाळ्या मी मोजल्या नाहीत. त्या थांबत नव्हत्या एवढं सांगतो.

आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला का नाही, म्हणून ऑडिटर गुणांच्या बेरजा तपासायची परवानगी मागायला गेले. सेक्रेटरी माझा हात हातात घेऊन म्हणाले, “शिखर झालं हो, शिखर,” आणि मी ते तसंच जाऊ दिलं. तेवढ्यात मुख्य परीक्षक आम्हाला शोधत आले. पांढऱ्या दाढीचे, गंभीर गृहस्थ. माझ्याकडे बोट दाखवून हिला म्हणाले, “एक वक्ता बोलत राहतो आणि गाणं वाढत जाऊन त्याला गिळतं. नावाचा अर्थ न सांगता दाखवलात तुम्ही. इतकी सुंदर कल्पना कुणाची?”

हिनं माझ्याकडे पाहिलं. मग पदर नीट केला आणि म्हणाली, “यांची.”

सगळे माझ्याकडे वळले. मला फक्त मान तुकवायची होती. पण काय करणार, माझ्यासमोर चूक झाली की मला राहवत नाही.

“चूक,” मी म्हणालो. “साफ चूक. मी नुसता बडबडत होतो. ही गायला लागली.”

परीक्षकांनी हिला हात जोडले. ती लाजली, आणि एवढी उंच दिसली की मी कोटाची बटणं उगाचच लावून घेतली. मंडळी पांगल्यावर आम्ही दोघं नगरभवनाच्या पायऱ्या उतरायला लागलो.

“मध्येच तोडलं मी तुम्हाला,” ती म्हणाली. “काय सांगत होता त्या शब्दाचं? सांगा आता, ऐकते.”

कागद खिशातच होते. मी ते काढले नाहीत. आठवून बघितलं, तर खरं सांगतो, पुढचं एक अक्षर आठवेना. म्हटलं, “राहू दे. तूच म्हण ती ओळ परत.”